बाभळीची काडी आणि रात्रीचे गुळाचे दूध

जळगाव जिल्ह्यातील चोपडा तालुक्यातून एका आईचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा सात वर्षांचा असून दुसरीत शिकतो. दिवाळीनंतर त्याची दाढ दुखू लागली म्हणून त्याला दंतवैद्याकडे नेले, तेव्हा दुधाच्या दोन दाढा किडल्या असून एकीची कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोहोचली आहे आणि मागे नुकत्याच उगवलेल्या दाढेवरही काळी रेघ दिसते आहे, असे समजले. घरात यावरून दोन पक्ष पडले आहेत. सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत. जन्मभर त्यांनी बाभळीच्या नाहीतर कडुनिंबाच्या काडीने दात घासले आणि आजही त्या दातांनी ऊस सोलतात. यजमानांनी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहून टूथपेस्ट बंद केली आहे. तीळ, लवंग, ज्येष्ठमध, कडुनिंबाची पाने चघळली की कीड थांबते आणि खड्डाही भरून येतो, असे ते म्हणतात. वनौषधींच्या चघळायच्या गोळ्यांची एक बाटलीही त्यांनी मागवली आहे. घरात साखर जवळपास बंद आहे, मुलाला जे गोड मिळते ते गुळाचे, आणि रात्री झोपतानाचे दूधसुद्धा आजी गूळ घालून देते. दुधाचे दात पडायचेच आहेत, मग त्यांवर खर्च कशाला, असाही घरात सूर आहे. ताई विचारतात, ‘नेमके काय चघळायला द्यावे, म्हणजे कीड थांबेल आणि दवाखाना टळेल? आणि सासूबाईंचे चुकते आहे, असे मी कोणत्या तोंडाने म्हणू?’

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रात तीळ, लवंग आणि ज्येष्ठमध यांच्याबद्दल पानभर मजकूर आहे आणि गुळाच्या दुधाबद्दल अर्धी ओळ. मी त्या अर्ध्या ओळीपाशीच अडले. मुलगा सकाळी आजीबरोबर काडीने दात घासतो, दिवसभर वडील देतील ते चघळतो आणि रात्री गुळाचे दूध पिऊन तसाच झोपी जातो, असा क्रम तुमच्या लिहिण्यावरून दिसतो. हा क्रम असाच राहणार असेल, तर तोंडात कोणतीही वनस्पती घातली तरी तिचा उपयोग बेताचाच होईल. काय चघळावे, हे मी सांगणारच आहे. पण त्याआधी कीड लागते कशी ते थोडे सविस्तर सांगते, कारण तुमच्या घरातल्या दोन्ही पक्षांचा घोळ तिथेच झालेला आहे.

दाताची कीड म्हणजे अळी नव्हे. आठवडे बाजारात धुरी देऊन दातातून ‘किडे’ काढून दाखवणारी माणसे पूर्वी बसत असत आणि लोक ते किडे डोळ्यांनी पाहून घरी येत. ती सगळी हातचलाखी होती. खरा प्रकार असा आहे की दातांवर सतत एक चिकट, पातळ थर जमत असतो आणि त्यात स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स यांसारखे जीवाणू राहतात. गोड किंवा पिठूळ पदार्थाचा अंश मिळाला की ते त्यापासून आम्ल तयार करतात. त्या थराचा पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा (आम्लता वाढली की तो उतरतो), साधारण ५.५ च्या खाली उतरला की दाताच्या वरच्या कठीण आवरणातले, म्हणजे एनॅमलमधले, कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळू लागते. मग लाळ कामाला लागते. ती आम्ल धुऊन काढते, उरलेले सौम्य करते आणि निघून गेलेले क्षार काही अंशी परत आणून बसवते. या दुरुस्तीला साधारण अर्धा ते एक तास लागतो. अशी देवघेव दिवसभर चालू असते. जमा आणि खर्च यांचा मेळ बसतो तोवर दात शाबूत राहतो, आणि खर्चाच्या वेळा वाढल्या की काही महिन्यांत दातावर आधी पांढुरका डाग, मग काळी रेघ आणि शेवटी खड्डा दिसतो.

म्हणून मुलाने गोड किती खाल्ले, यापेक्षा ते दिवसातून किती वेळा खाल्ले आणि दाताला किती वेळ चिकटून राहिले, हे जास्त महत्त्वाचे ठरते. १९४० च्या दशकात स्वीडनमधील व्हिपेहोल्म येथील रुग्णालयात बौद्धिक अक्षमता असलेल्या रुग्णांवर या बाबतीत मोठा प्रयोग झाला होता. जेवणाबरोबर साखर घेणाऱ्यांची कीड त्या मानाने थोडीच वाढली, आणि दोन जेवणांच्या मधे चिकट टॉफी खाणाऱ्यांची झपाट्याने वाढली. ज्यांना धड नकारही देता येत नव्हता अशा माणसांवर केलेला तो प्रयोग आज कोणी करू देणार नाही, आणि देऊही नये. परंतु त्यातून जे कळले ते नाकारता येत नाही.

आता रात्रीच्या दुधाकडे येऊ. झोपेत लाळ फारच कमी होते. दिवसा जे आम्ल तासाभरात निवळले असते, ते रात्री बराच वेळ दातावर तसेच राहते. गूळ साखरेपेक्षा चांगला, ही समजूत आपल्या घराघरांत आहे. गुळात थोडीफार खनिजे असतात हे खरे. पण त्याचा बहुतेक भाग साखरच असतो आणि दातावरचे जीवाणू रंग पाहून भेद करत नाहीत. मध, काकवी, खजूर, मनुका यांचीही गोष्ट तीच आहे. खजूर आणि मनुका तर दाढेच्या खाचेत अशा बसतात की जीभ फिरवूनही निघत नाहीत. ‘नैसर्गिक’ हा शब्द पदार्थ कुठून आला एवढेच सांगतो, तो दातावर काय करील हे सांगत नाही. तुमच्या घरी साखर बंद करून जो त्याग झाला, त्याचा दाताला काहीच लाभ मिळाला नाही, याचे मला खरोखर वाईट वाटते.

सासूबाईंचे दात उत्तम आहेत, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. त्याचे श्रेय काडीला किती द्यायचे, एवढाच माझा प्रश्न आहे. त्यांच्या लहानपणीचा दिवस त्यांनाच विचारा. सकाळी दादर ज्वारीची नाहीतर बाजरीची भाकरी, ठेचा, कांदा. दुपारी शेतात तेच. रात्री कळण्याची भाकरी आणि डाळ. मधल्या वेळेला फार तर बांधावरची बोरे किंवा मूठभर शेंगा. गोड असायचे ते आखाजीला, कानबाईच्या रोटांना, लग्नातल्या मांड्यांना. त्या दिवशी पोटभर खाल्ले तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा भाकरी. म्हणजे दाताला सावरायला दिवसचे दिवस मिळत होते. शिवाय जात्यावरच्या पिठात दगडाची बारीक कच असे. ती वर्षानुवर्षे चावून दाढांवरच्या खोल खाचा झिजून सपाट होत, आणि जिथे अन्न अडकायला खाचच उरली नाही, तिथे कीड लागायलाही जागा राहत नाही. एकदा मोबाइलचा दिवा लावून सासूबाईंच्या दाढा पाहा. त्या तुमच्या मुलाच्या दाढांसारख्या खाचाखोचांच्या आहेत की पाट्यासारख्या गुळगुळीत, हे लगेच कळेल.

आणखी एक गोष्ट त्यांना गोडीने विचारता येईल. त्यांच्या वयाच्या, त्याच बाभळीची काडी वापरलेल्या किती बायका आज कवळी लावतात? माझ्या दवाखान्यात तीस वर्षांत अशा कितीतरी आजी आल्या. त्यांतल्या अनेकींना काडीच्या जोडीला मिसरीची सवय होती, आणि ती तंबाखूची असते हे त्या दाराशी बसून निरागसपणे सांगत. ज्यांचे दात टिकले त्यांची उदाहरणे घरोघर सांगितली जातात. ज्यांचे गेले त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही.

याचा अर्थ काडी टाकून द्यावी, असा नाही. बाभूळ, म्हणजे आपल्या अहिराणीतली बाभय, तुरट असते. कडुनिंब कडू असतो. दोन्ही चावताना तोंडाला भरपूर लाळ सुटते आणि काडीच्या तंतूंनी दातांवरचा थर घासला जातो. या घासण्यात काडीचा बहुतेक गुण आहे. वाग्भटाने अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात दंतधावनाची काडी सांगताना रुई, वड, खैर, करंज, अर्जुन यांची नावे दिली आहेत. ती करंगळीच्या टोकाइतकी जाड, बारा अंगुळे लांब, सरळ आणि टोकाला मऊ असावी, सकाळी आणि जेवणानंतर वापरावी आणि हिरड्यांना इजा होऊ देऊ नये, असे म्हटले आहे. व्हिडिओ पाहणाऱ्यांनी वनस्पतींची नावे तेवढी उचलली आणि ‘जेवणानंतर’ आणि ‘हिरड्या सांभाळून’ हे दोन शब्द मागेच राहिले, ही आपली नेहमीची गंमत आहे.

काडी वापरायचीच तर ती नीट वापरू द्या. ओली, कोवळी काडी तोडून धुवावी, टोकाची बोटभर साल काढावी आणि ते टोक मागच्या दाढांखाली सावकाश चावत राहावे. दोन-तीन मिनिटांत तंतू सुटे होऊन लहानसा कुंचला तयार होतो. कडक तुकडे राहिले असतील तर ते थुंकून टाकावेत. मग कुंचला हिरडीकडून दाताच्या टोकाकडे फिरवावा, आडवा करवतीसारखा चालवू नये, नाहीतर दाताच्या मुळाशी खाच पडते. वापरलेला भाग कापून टाकावा आणि दुसऱ्या दिवशी नवे टोक चावावे. आपल्या भागासाठी यात एक खास सावधगिरी आहे. कपाशीच्या बांधावरच्या बाभळीवर फवारणीचे औषध उडालेले असते. तिथली काडी मुलाच्या तोंडात कदापि जाऊ नये. कण्हेरीची फांदी विषारी असते, तेव्हा मुलांना आपल्या मनाने काड्या तोडू देऊ नका. रुईचे नाव ग्रंथात असले तरी तिचा चीक डोळ्यात गेल्यास फार त्रास होतो, म्हणून मुलांना ती नकोच. आणि सात वर्षांच्या मुलाच्या मनगटाला काडीने मागच्या दाढेची आतली बाजू साधत नाही. ती मोठ्या माणसालाही क्वचितच साधते. तिथेच तुमच्या मुलाची कीड आहे.

आता तुमचा मूळ प्रश्न. चघळण्या-चावण्याचे पदार्थ कीड टाळायला मदत करतात का? करतात, पण दोनच प्रकारे. एक, चावल्याने लाळ वाढते. आणि दोन, तो पदार्थ बिस्किटाची किंवा गोळीची जागा घेतो. माझ्या मते यातला दुसरा लाभ मोठा आहे आणि त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

शेंगदाण्यांपासून सुरुवात करते, कारण ते आपल्या घरात असतातच. भाजलेले, मीठ-गूळ नसलेले शेंगदाणे चावायला वेळ लागतो, लाळ सुटते आणि त्यांच्यापासून जीवाणूंना फारसे आम्ल करता येत नाही. जेवणानंतर चार दाणे खाल्ले तर दातावरची आम्लता लवकर उतरायला मदतच होते. त्याच दाण्यांची गुळात चिक्की केली की सगळा हिशेब उलटतो. (चार-पाच वर्षांखालील मुलांना अख्खे दाणे देऊ नयेत, ते श्वासनलिकेत अडकू शकतात.) तिळाचेही असेच आहे. रोज काळे तीळ चावून वर थंड पाणी प्यावे म्हणजे मरेपर्यंत दात घट्ट राहतात, असे अष्टांगहृदयातच म्हटले आहे, तेव्हा यजमानांनी ते हवेतून आणलेले नाही. तिळात कॅल्शियम भरपूर असते. परंतु एकदा उगवलेल्या दाताच्या एनॅमलला पोटातून कॅल्शियम पोहोचत नाही. त्याला मिळते ते लाळेतून, बाहेरून. म्हणून चमचाभर तीळ सावकाश चावून खाणे चांगलेच आहे, मात्र त्याने खड्डा भरेल ही आशा ठेवू नये. संक्रांतीचे तिळगूळ खुशाल खावेत, जेवणाला लागून.

गाजर, काकडी, मुळा, कच्चा पेरू यांना ‘निसर्गाचा ब्रश’ म्हणतात. मला ते नाव पटत नाही. या पदार्थांनी दाताचा उघडा पृष्ठभाग थोडा घासला जातो, पण दोन दातांच्या फटीत आणि दाढेच्या खाचेत त्यांचे तंतू पोहोचत नाहीत, आणि कीड बहुधा तिथेच लागते. तरी मधल्या सुटीच्या डब्यात बिस्किटाऐवजी काकडीचे काप किंवा पेरूच्या फोडी जाव्यात असे मी आग्रहाने सांगेन. आवळा, चिंच, कैरी आंबट असल्याने त्यांचे आम्ल थेट एनॅमलवर काम करते. हिरड्यांसाठी आवळा चांगला, पण मुलाने तो दिवसभर गालात धरून ठेवू नये, आणि आंबट खाल्ल्यावर लगेच दात न घासता आधी चूळ भरून अर्धा तास थांबावे. आवळ्याची कँडी म्हणजे साखरेत घोळवलेला आवळा, तिला औषध समजू नये. उसाचे सासूबाईंना जे कौतुक आहे, ते त्यांच्यापुरते राहू द्या. मुलाला हंगामात जेवणानंतर दोन कांड्या आणि वर चूळ एवढे पुरे.

रावेर-यावलच्या बागायतदार वाचकांचा रोष पत्करून केळीच्या वेफर्सबद्दलही लिहिते. ताजे केळे जेवणाबरोबर खाल्ले तर मला त्यात वावगे दिसत नाही. वेफर्स मात्र चावल्यावर त्यांचा लगदा होऊन दाढेच्या खाचांत लिंपला जातो, आणि तोंडाला गोड न लागता तो पुढे बराच वेळ आम्ल करीत राहतो. घरी एक प्रयोग करून पाहा. मुलाला पाच-सहा वेफर्स खायला द्या, दहा मिनिटे थांबा आणि दिव्याच्या उजेडात त्याची खालची दाढ पाहा. पिवळसर लगदा तिथेच दिसेल. तेच भाजलेल्या दाण्यांनी करून पाहा. मुलाला हा खेळ आवडेल आणि मला जे दोन पानांत सांगावे लागले, ते त्याला दोन मिनिटांत कळेल.

लवंगेत युजेनॉल नावाचे द्रव्य असते आणि त्याने ठणका कमी होतो; दंतवैद्यही तात्पुरत्या भरणीत ते वापरतात. पण ठणका थांबला म्हणजे कीड थांबली असे नसते. उलट दुखणे दबल्यामुळे महिना-दोन महिने निघून जातात आणि कीड नसेपर्यंत उतरते. तुमच्या मुलाच्या बाबतीत असेच झाले नसेल ना, अशी मला शंका आहे. लवंगेचे तेल थेट लावले तर मुलांची हिरडी आणि गाल भाजतो. ज्येष्ठमधाची साधी काडी गोड लागते, पण तिची गोडी साखरेची नसते, म्हणून मुलाने अधूनमधून ती थोडी चावली तर दाताला अपाय नाही. मोठ्या माणसांनी मात्र ती रोज चघळू नये. तिच्यातील ग्लिसिरायझिनमुळे रक्तदाब वाढतो आणि शरीरातले पोटॅशियम घटते, म्हणून सासूबाईंनी तर ती टाळलेलीच बरी. कडुनिंबाच्या पानांचा अर्क प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत जीवाणूंना रोखतो, हे खरे आहे. तोंडात मात्र चावलेल्या पानाचा रस लाळेबरोबर काही मिनिटांत निघून जातो आणि दातावरचा थर जिथल्या तिथे राहतो. दोन पाने चावल्याने काही बिघडत नाही. कडुनिंबाचे तेल मात्र लहान मुलाच्या पोटात जाऊ देऊ नका, ते घातक ठरू शकते. बडीशेप साधी, भाजलेली असावी. रंगीत साखरेत घोळवलेली बडीशेप जेवणानंतर तासभर चघळणे म्हणजे गोळी चोखणेच होय. आणि मुखवासात सुपारी असेल, मग ती गोड असो वा सुगंधी, तर ती घरातच नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीला कर्करोगकारक ठरवले आहे, आणि तोंड उघडेनासे झालेली विशीतली मुले मी स्वतः तपासली आहेत.

त्या वनौषधींच्या गोळ्यांच्या बाटलीचे लेबल उलटून घटकांची यादी वाचा. साखर, गूळ, मध, ग्लुकोज, लिक्विड ग्लुकोज, माल्टोडेक्सट्रिन यांपैकी काही सुरुवातीच्या चार नावांत असेल, तर तुळस आणि लवंग लिहिलेली ती गोळीच कीड लावणारी आहे, आणि दिवसातून तीन वेळा चघळायची म्हणजे तीन वेळा. मुलांच्या जीवनसत्त्वांच्या चिकट गोळ्यांचेही असेच असते. झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ असलेली बिनसाखरेची गोळी किंवा च्युइंगगम असेल तर गोष्ट वेगळी. जीवाणूंना झायलिटॉलपासून आम्ल करता येत नाही आणि जेवणानंतर वीस मिनिटे चघळल्याने लाळ वाढते. फक्त घरात कुत्रा असेल तर झायलिटॉल त्याच्या हाती लागू देऊ नका, ते त्याला विष आहे.

टूथपेस्टबद्दल यजमानांची भीती पूर्णपणे निराधार नाही, हे आधी मान्य करते. फ्लोराइड रोज पोटात फार गेले तर वाढत्या वयातल्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग पडतात आणि फारच जास्त गेले तर हाडांवर परिणाम होतो. काही भागांत बोअरच्या पाण्यातूनच हे घडते. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅम, अशी आहे. तुमच्याकडे बोअरचे पाणी पीत असाल तर ते एकदा तपासून घ्या. ग्रामपंचायतीमार्फत पाण्याचा नमुना पाठवता येतो. पण वाटाण्याएवढी पेस्ट ब्रशवर घेऊन नंतर थुंकून टाकणे ही वेगळी बाब आहे. लाळ जे क्षार परत बसवते, ते फ्लोराइडच्या संगतीत बसले तर आम्लाला जास्त तग धरतात. आजवर कीड टाळण्यासाठी जे जे तपासले गेले आहे, त्यात सर्वांत भक्कम पुरावा याचाच आहे, आणि या यादीतला कोणताही पाला त्याच्या जवळपास येत नाही. वनौषधींची पेस्ट हवी असेल तर तीही चालेल, फक्त वेष्टनावर फ्लोराइड असल्याचे आणि ते १००० पीपीएमच्या आसपास असल्याचे वाचून घ्या. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढे वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. घासून झाल्यावर थुंकावे आणि भरमसाट पाण्याने चुळा भरू नयेत, म्हणजे फ्लोराइड दातावर थोडा वेळ टिकते.

यानंतर जे सांगायचे आहे ते चघळण्याच्या पलीकडचे आहे. खड्डा पडलेला दात कोणत्याही औषधीने भरून येत नाही. पांढुरका डाग असेपर्यंत लाळ आणि फ्लोराइड तो मागे फिरवू शकतात; पृष्ठभाग फुटला की ती वेळ निघून गेलेली असते. तुमच्या मुलाच्या दोन दाढा त्या पलीकडे गेल्या आहेत. त्या पडणारच आहेत, हे खरे, पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात, म्हणजे अजून तीन ते पाच वर्षे त्याला त्या दाढांनीच जेवायचे आहे. तेवढ्यात नसेची कीड मुळाशी उतरून गळू झाले तर खाली तयार होणाऱ्या कायमच्या दातालाही धक्का पोहोचतो, आणि दाढ लवकर काढावी लागली तर शेजारचे दात सरकून नव्याची जागा अडते.

ज्या तिसऱ्या दाढेवर काळी रेघ आहे, तिच्याकडे मात्र मला तुमचे सर्वांचे लक्ष वेधायचे आहे. सहाव्या वर्षाच्या सुमारास सगळ्यात मागे जी दाढ येते, ती कोणताही दुधाचा दात न पडता येते, त्यामुळे घरची माणसे तिला दुधाचीच समजतात. ती कायमची असते. तिच्या जागी पुन्हा दुसरी येत नाही. तिच्या खाचा खोल असतात आणि उगवतानाची एक-दोन वर्षे तिला सर्वाधिक धोका असतो. दंतवैद्याला विचारा की खाचा बुजवणारा पातळ लेप, ज्याला सीलंट म्हणतात, तिथे लावता येईल का, की आता लहानसे सिमेंटच भरावे लागेल. लेप लावायला भूल लागत नाही आणि दुखतही नाही. नसेपर्यंत न पोहोचलेल्या दुधाच्या दाढेसाठी सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचे द्रव लावूनही कीड थोपवता येते. त्याने तो भाग काळा पडतो, पण मागच्या दाढेवर ते कोणाच्या डोळ्यांवर येत नाही आणि खर्चही कमी असतो. खर्चाचीच अडचण असेल तर धुळ्याच्या दंतमहाविद्यालयासारख्या ठिकाणी चौकशी करा. शिवाय शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, त्यांच्या तपासणीत दातही असतात. गालावर सूज, ताप, किंवा रात्री झोपेतून उठवणारा ठणका असेल तर मात्र चौकशीत वेळ न घालवता त्याच दिवशी दाखवा आणि गालाला शेक देऊ नका.

राहिला सासूबाईंचा प्रश्न. त्यांचे चुकते आहे, असे म्हणायचे काही कारणच नाही, कारण बऱ्याच बाबतीत त्यांचे बरोबर आहे. वेळच्या वेळी जेवण, मधे फार तर शेंगा-बोरे, गोड सणालाच, हा त्यांच्या लहानपणीचा शिरस्ता नातवाला लावा, असे त्यांनाच सांगा. ‘आई, तुमच्या वेळी रोज रात्री गुळाचे दूध मिळायचे का?’ असे मोकळेपणाने विचारा. उत्तर त्या स्वतःच देतील. दूध बंद करायची गरज नाही. ते रात्रीच्या जेवणासोबत, बिनगुळाचे किंवा सुरुवातीचे काही दिवस थोड्या गुळाचे, असे द्या. एकदम तोडले तर मूल हट्ट करते, म्हणून आठवड्याला गूळ निम्मा करत नेणे मला जास्त जमण्यासारखे वाटते. मग दात घासणे आणि त्यानंतर पाण्याखेरीज काही नाही. सकाळी काडी चालू द्या, तो आजी-नातवाचा वेळ आहे आणि मी तो मोडणार नाही. सकाळी काडी झाल्यावर आणि रात्री झोपण्यापूर्वी मात्र पेस्ट आणि मऊ ब्रश, आणि रात्रीचे घासणे निदान आठ वर्षांचा होईपर्यंत तुम्ही किंवा यजमानांनी स्वतःच्या हाताने करावे. मुलाला मांडीवर डोके ठेवून आडवे करा, म्हणजे मागची दाढ दिसते. यजमानांना वनस्पतींची आवड आहे, तर तीळ, दाणे आणि साध्या बडीशेपेची डबी भरून ठेवायचे काम त्यांच्याकडे द्या आणि ती गोड खाऊच्या बरणीच्या जागी ठेवा.

दवाखान्यात जाल तेव्हा सासूबाईंनाही बरोबर न्या. नातू खुर्चीत बसायला घाबरला तर आधी आजी बसेल, आणि इतक्या वर्षांचे ते दात एकदा कोणीतरी नीट तपासून पाहील.